आत्याचं रान



आधी रानाचं सांगतो. हरभरा पस्तीस दिवसांचा झालाय. जॅकी 9218 आहे. पहिलं पाणी कालच्या रात्री दिलं, तुषारवर, तीन तास. फुलं लागायच्या आत हे पाणी बसलं पाहिजे, फुलोऱ्यात दिलं की नुसती वाढ होते. एका कोपऱ्यात पाच-सहा झाडं मान टाकून बसलेली दिसली. उपटून मूळ उभं चिरलं तर आत काळपट रेघ. मर आहे. बियाण्याला ट्रायकोडर्मा लावला होता तरी आली, कारण दोन वर्षाखाली ह्याच तुकड्यात हरभरा होता. मरीची बुरशी जमिनीत पाच-सहा वर्षं तशीच पडून राहते. वरून रान स्वच्छ दिसतं, नांगरलेलं, कुळवलेलं. खाली काय आहे ते पीक उभं राहिल्यावर कळतं.

हा तुकडा दीड एकराचा. मागच्या नोंदीत मी ह्याला "आत्याचं रान" लिहिलं होतं. दोघा-तिघांनी विचारलं की हे नाव कुठून आलं. आमच्याकडं रानाला नावं असतात, चिंचेचं रान, विहिरीचं रान, पांदीचं रान. आत्याचं रान म्हणल्यावर लोकांना वाटलं की आत्यानं विकत घेतलं असंल. तसं नाही. लिहू का नको असं बरेच दिवस चाललं होतं. आईला विचारलं, आत्याला विचारलं. आत्या म्हणाली, "लिव्ह की. आता कुणाला भ्यायचं?" म्हणून लिहितो. नाव कुणाचंच लिहीत नाही.

काल रात्री पाणी देताना सून डबा घेऊन आली होती, पोरगं तुषारचे पाईप बदलत होतं. ती बांधावर बसून मोबाईलवर गोष्ट वाचत होती, प्रतिलिपीवरची. छोट्या गावातला वाडा, लग्न होऊन आलेली मुलगी, बंद खोली, सासरच्यांचं कायतरी गुपित आणि मधीच प्रेम. रोज एक भाग येतो आणि ऐन टायमाला संपतो. तिला म्हणलं, मी तुझ्यापेक्षा लहान होतो तेव्हा असलीच पुस्तकं वाचायचो. तिला खरं वाटलं नाही.

खरं आहे ते. 1985-86 ला मी दहावीला होतो. माजलगावला शिकायला जाणारी पोरं भाड्यानं पुस्तकं आणायची, चार आणे दिवस. बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार, काळापहाड. गुरुनाथ नाईक. ह्या माणसांनी किती लिहावं, अर्नाळकरांच्या तर हजाराच्या वर रहस्यकथा आहेत. सुहास शिरवळकर त्यावेळी जोरात होते. त्यांची 'दुनियादारी' 1982 ची, पुढं 2013 ला सिनेमा आला तेव्हा आमच्या पोरांना कळलं. आणि चोरून वाचायचे ते चंद्रकांत काकोडकर. प्रेमाच्या कादंबऱ्या. त्यांच्या 'श्यामा' ह्या गोष्टीवर अश्लील म्हणून खटला झाला होता. 1962 च्या 'रंभा'च्या दिवाळी अंकातली गोष्ट ती. खटला पार सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि 1969 ला कोर्टानं सांगितलं की हे अश्लील नाही. त्याच वर्षी त्यांच्या 'नीलांबरी'वरून 'दो रास्ते' सिनेमा आला, भावाभावांत फूट पडायचा. तो सिनेमा आपल्याकडच्या लोकांना एवढा का आवडला हे वाटणी झालेल्या माणसाला सांगावं लागत नाही.

तर असंच एक पुस्तक मला घरात सापडलं होतं. आमचं जुनं घर माळवदाचं. आतल्या खोलीत आईची पत्र्याची पेटी. त्यात लुगड्यांच्या खाली एक फाटकी कादंबरी. वरचं पान नाही, म्हणून लेखक कोण ते आजपर्यंत माहीत नाही. शेवटची पानंही नाहीत. तालुक्याच्या गावात एक डॉक्टर येतो, सावकाराच्या पोरीवर जीव जडतो, त्या घरात एक मयत झालेली बाई असते आणि ती कशी मेली ते कुणी सांगत नाही. मी ती तीन-चार वेळा वाचली. दरवेळी तिथंच यायचं, डॉक्टर कंदील घेऊन विहिरीकडं निघतो आणि पानं संपतात.

आत एका पानावर शिसपेन्सिलीनं नाव लिहिलेलं होतं. बाईचं नाव. शेजारी आमचं आडनाव. मी आजीला विचारलं, ही कोण? आजीनं पुस्तक हातातून ओढून घेतलं आणि चुलीकडं निघाली. आईनं मधीच धरलं, म्हणाली, "राहू द्या, पोराच्या शाळंचं हाय." आई निरक्षर आहे. पुस्तक शाळेचं नाही एवढं मात्र तिला पक्कं ठाऊक होतं. त्यावेळी माझ्या काही ध्यानात आलं नाही.

मग 2019 ला वडील गेले. आम्ही त्यांना नाना म्हणायचो. आम्ही दोघं भाऊ. वारस नोंद लागली, पण वाटणी करायची तर वकिलानं सांगितलं की जुने सगळे फेरफार काढा, 1954-55 च्या खासऱ्यापासून. आपल्या मराठवाड्याचं हे वेगळं आहे. 1948 पर्यंत निजामाचं राज्य, त्याच्या आधीचे कागद उर्दूत, काही मोडीत. खासऱ्यापासून पुढचं मराठीत नीट लागतं. करोनामुळं ते काम रखडलं. 2021 च्या जूनमध्ये, पेरणीच्या तोंडाला, नकला हातात आल्या.

1976 चा फेरफार होता, आजोबांच्या वारसाचा. खातेदार मयत. वारस: पत्नी, मुलगा एक, मुली दोन. मला एकच आत्या माहीत होती. दुसऱ्या नावापुढं लिहिलं होतं, "मयत, वारस नाही." ते नाव पेन्सिलीनं लिहिलेलं तेच नाव होतं.

म्हणलं असंल, लहानपणी वारली असंल. पण आजी कधी तिचं नाव घेत नव्हती, पित्राला घास नाही, काही नाही. मेलेल्या लेकराचं आपल्याकडं असं करत नाहीत. रात्री आईला कागद वाचून दाखवला. आई चुलीपुढं बसली होती. बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "जित्ती हाय."

आईनं सांगितलं ते असं. आत्याचं लग्न तेराव्या वर्षी झालं, सोळाव्या वर्षी नवरा वारला, माघारी आली. दुसरं लग्न करायची आमच्यात त्यावेळी रीत नव्हती. मग 1972 पडलं. ज्यांनी बघितलंय त्यांना सांगायला नको. आमच्या घरचे सगळेच खडी फोडायला, तलावाच्या कामावर जायचे. सुकडी मिळायची, रेशनवर लाल मिलो. त्या कामावर हजेरी लिहायला एक कारकून होता, वेगळ्या जातीचा. आत्या चौथी शिकलेली. तिला वाचायला येतं हे त्याला कळलं तसं त्यानं तिला पुस्तक दिलं. तेच ते. 1973 च्या उन्हाळ्यात, पाऊस पडायच्या आधी, ती त्याच्याबरोबर निघून गेली. जाताना पुस्तक आईच्या हातात दिलं.

आता बघा, साल कोणतं होतं. पाथरीच्या पुढं मानवत. 1972 ते 74 मध्ये तिथं बाया आणि लहान मुलींचे खून पडत होते. मुंबईहून रमाकांत कुलकर्णी तपासाला आले होते, त्यांनी पुढं त्यावर लिहिलं, 2024 ला त्यावर मालिकाही निघाली. त्या दोन वर्षांत आपल्या भागात बाया एकट्या रानात जात नव्हत्या. गुप्तधन, नरबळी, नाही नाही ते लोक बोलायचे. एखादी बाई दिसेनाशी झाली की लोकांच्या डोक्यात तेच यायचं. आमच्या घरच्यांनी तोच आडोसा घेतला. कुणाला काही सांगितलं नाही, नुसतं गप बसले. लोकांनी आपापलं समजून घेतलं आणि हळहळले. पोरगी परजातीच्या माणसाबरोबर गेली म्हणण्यापेक्षा मेली म्हणणं घरच्यांना सोपं गेलं. तीन वर्षांनी आजोबा वारले तेव्हा तलाठ्यापुढं तेच सांगितलं. त्यात लिहिणाऱ्याचा दोष नाही. सांगणारे आमचे होते. अंगठा आजीचा, सही नानांची.

आणि आई? आई दर महाशिवरात्रीला परळीला जायची, वैजनाथाला. माझ्या जन्माचा नवस आहे म्हणायची. आम्हीच तिला एसटीत बसवून द्यायचो. तिथं दरवर्षी आत्या यायची. दोघी देवळाच्या पायऱ्यांपाशी तासभर बसायच्या, एकमेकीची भाकरी खायच्या आणि आपापल्या गाडीला लागायच्या. चाळीस-पंचेचाळीस वर्षं. नानांना मरेपर्यंत कळलं नाही. का कळलं होतं आणि ते बोलले नाहीत, देव जाणे.

कादंबरीत गुपित बंद खोलीत असतं, नाहीतर विहिरीत. आमचं गुपित तलाठ्याच्या दप्तरात होतं, शिक्क्यासहित. अर्ज करून नक्कल मागितली तर कुणालाही मिळाली असती. पंचेचाळीस वर्षांत घरातल्या कुणी मागितली नाही एवढंच.

आता माझं सांगतो, ते सांगितल्याशिवाय हे लिहिण्यात अर्थ नाही. मला जूनमध्ये कळलं. मी तो कागद घडी करून त्याच पेटीत ठेवला आणि सोयाबीन पेरलं. धाकट्याला सांगितलं नाही, वकिलाला सांगितलं नाही. का? कारण वाटणीत वाटेकरी वाढतो. रस्त्याच्या कडेच्या रानाला किती भाव आलाय ते तेलगावपासून परळीपर्यंत कुणालाही विचारा. मी रात्री हिशेब केला, आत्याचा हिस्सा किती निघतो, त्यातून माझा किती कमी होतो. सोयाबीन निघालं, ज्वारी पेरली, ज्वारी पोटऱ्यात आली, तरी कागद पेटीतच. आठ महिने. आजी आणि नानांना मी मनात नावं ठेवत होतो आणि करत तेच होतो. त्यांनी लोकलाजेपायी केलं. माझ्याकडं तर ते कारणही नव्हतं.

करोनात एक शिवरात्र चुकली होती. 2022 ची 1 मार्चला होती. आई म्हणाली, मला पायऱ्या चढवत नाहीत, तू चल. मला माहीत होतं ती मला का नेतेय.

आत्या खांबाला टेकून बसली होती. नाक अगदी नानांचं. आई म्हणाली, "हा थोरला." आत्यानं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "हा? हा तर गेले तवा बाजंवर मुतायचा." मी पन्नाशीचा माणूस, देवळात, माणसांत. काय बोलावं सुचेना.

मी "तुम्ही" म्हणून बोलायला लागलो तर तिनं थांबवलं. "आत्याला तुम्ही म्हणतेत व्हय?"

तिनं विचारलं, विहिरीवरली चिंच हाय का? म्हणलं, तोडली, 1990 च्या सुमाराला. थोडा वेळ गप बसली. मग विचारलं, विहिरीला पाणी? म्हणलं, दिवाळीपर्यंत असतं, पुढं बोरवर. एवढंच. जमिनीचं तिनं काही काढलं नाही. मीच सांगितलं की कागदावर तू मयत आहेस. ती हसायला लागली. म्हणाली, "आन पगारासाठी दरवर्षी हयातीचा दाखला मागतेत मला. तो कोन देतंय मग?" तिला निराधारचा पगार आहे. कारकून, म्हणजे माझे मामा म्हणा, दहा वर्षांखाली वारले. एक मुलगा, एक मुलगी.

हसून झाल्यावर म्हणाली, "मला एकर नको बाळा. पर मेली म्हणून लिव्हलंय तेवढं खोडून घे."

निघताना राहवलं नाही म्हणून विचारलं, त्या पुस्तकात शेवटी काय होतं? डॉक्टर विहिरीकडं गेल्यावर?

"कुनाला ध्यान राहतंय," ती म्हणाली. "ते काय खरं असतंय का?"

घरी आलो आणि धाकट्याला कागद दाखवला. तो पेटला. त्याचंही मी इथं लिहितो, कारण तो वाचणार आहे. त्याच्याकडं रान कमी येत होतं, विहिरीचं कर्ज त्याच्या डोक्यावर, दोन पोरी लग्नाच्या. तो म्हणाला, मेलेलं माणूस कशाला जितं करता? तिनं सोडून गेली तेव्हाच सगळं सोडलं. त्याच्या जागी मी असतो तर हेच म्हणालो असतो. आठ महिने मनात हेच म्हणत होतो की. दोन दिवाळ्या आम्ही बोललो नाही.

"तेवढं खोडून घे" हे सोपं वाटतं, तसं नाही. नावातली वेलांटी, गटाचा आकडा चुकला असंल तर महसूल कायद्याच्या कलम 155 खाली तहसीलदाराकडं दुरुस्ती होते. आमची लेखनाची चूक नव्हती, खोटी जबानी होती. त्याला प्रांताकडं अपील, आणि इतक्या वर्षांनी गेलो म्हणून उशीर माफ करा असा वेगळा अर्ज. आत्याचा आधार, शाळेचा दाखला, आईचा जबाब. आईनं तिथं अंगठा दिला, जिथं सासूनं दिला होता त्याच्या उलट. बाहेर आल्यावर म्हणाली, हात हलका झाला.

अपिलात धाकट्यानं हरकत घेतली नाही. घेऊ शकला असता. तारखेला आला, मागं उभा राहिला आणि निघून गेला. आम्ही आजवर त्यावर बोललो नाही.

नोंद दुरुस्त झाली. मयत खोडलं गेलं म्हणल्यावर वारस म्हणून नाव आलं, आणि नाव आलं की हिस्सा येतो, नको म्हणलं तरी. आत्याच्या पोरानं हक्कसोड करून देतो म्हणून सांगितलं. त्याच्या बहिणीनं अडवलं. म्हणाली, आईनं जन्मभर मेलेलं राहून काढलं, आता जिती झाल्यावर पहिली सही सोडून द्यायची करायची का? बरोबर होतं तिचं. मग आपसात दीड एकर ठरलं, हाच तुकडा. मी बटईनं करतो, निम्मं तिला. मागच्या साली हरभऱ्याची निम्मी पोती तिच्या दारात उतरवली तेव्हा तिनं मूठभर उचलून आधी वास घेतला.

माझ्या सख्ख्या दुसऱ्या आत्यानं 1976 लाच साडी-चोळीवर हक्क सोडला होता. तिचं आता काय, हे मला अजून सुटलेलं नाही. ती म्हणते काही नको. पण एका आत्याचं "नको" मी ऐकलं नाही आणि दुसरीचं ऐकतोय, हे टोचतं.

आता कामाचं. वाटणी जवळ आलेली असंल तर नुसत्या सातबाऱ्यावर जाऊ नका. डिजिटल सातबारा पंधरा रुपयांत मिळतो, त्यावर फेरफाराचे नंबर असतात. ते एक-एक फेरफार काढा आणि बसून वाचा, घरातल्या म्हाताऱ्या बाईला जवळ बसवून वाचा. माणूस वारल्यावर तीन महिन्यांत वारस कळवा आणि मुलींची नावं सांगा. 'इतर हक्का'त टाकून मोकळं होऊ नका. मुलीचा हक्क 1956 पासून वारस म्हणून आहेच. 2005 च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित रानात ती मुलासारखीच जन्मानं वाटेकरी झाली, आणि 2020 ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की त्या तारखेला वडील हयात असायची अट नाही. प्रत्येक घराचं वेगळं असतं, आपापल्या वकिलाला विचारा. बहीण आपणहून सोडत असंल तर तिचा हक्क आहे, पण तिला आकडा सांगून मग विचारा.

मर लागलेल्या झाडांचं: मुळासकट उपटून रानाबाहेर जाळली, जागेवर शेणखतात मिसळून ट्रायकोडर्मा टाकला. पुढची तीन-चार वर्षं ह्या तुकड्यात हरभरा घेणार नाही, ज्वारी आणि करडई फिरवीन. आत्याला फोन करून तसं विचारलं. शेवटी रान तिचं आहे. म्हणाली, करडई कर, तेल तरी मिळंल.

पुढची नोंद तुरीची. कामगंध सापळ्यात पतंग यायला लागलेत, रोज मोजतोय.